धमनी सोडविण्याची कला

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचें नांव आज शहरांतील बहुतेक घरांतून ऐकूं येतें. कोणाचे वडील, कोणाचे मामा, कोणाचे शेजारी ह्या शस्त्रक्रियेंतून पार पडलेले असतात. हृदयाची एक नळी बुजली होती आणि डॉक्टरांनीं तिला वळसा घालून दुसरी नळी जोडली, एवढें घरांतल्या मंडळींना ठाऊक असतें. परंतु ही दुसरी नळी आली कोठून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि ती तेथून काढली कशी, हा तर त्याहूनहि क्वचित्. वास्तविक रोग्याची छाती नीट भरून येईल कीं नाहीं आणि पुढचीं दहा-वीस वर्षें त्याचें हृदय कसें चालेल, हें पुष्कळ अंशीं ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतें.

हृदय हा मुख्यतः एक स्नायु आहे. दिवसाकाठीं सुमारें ७,००० लिटर रक्त तें आपल्या पोकळ्यांतून पुढें ढकलतें. परंतु पखाल वाहणाऱ्या रेड्याची तहान पाठीवरच्या पाण्यानें भागत नाहीं, त्याप्रमाणें ह्या रक्तानें हृदयाची स्वतःची तहान भागत नाहीं. त्याच्या भिंतींना रक्त पुरविण्याचें काम निराळ्या वाहिन्यांकडे आहे. शरीरांतील सर्वांत मोठी धमनी हृदयांतून जेथें निघते, तेथेंच तिला दोन बारीक फांटे फुटतात आणि ते हृदयाच्या पृष्ठभागावर पसरत जातात. ह्याच हृद्धमन्या, डॉक्टरांच्या बोलींत 'कॉरोनरी' धमन्या. त्यांतल्या डाव्या धमनीची एक शाखा हृदयाच्या दर्शनी अंगानें खालीं उतरते व डाव्या कप्प्याच्या फार मोठ्या भागाचें पोषण करते. शस्त्रवैद्याची पहिली चिंता बहुधा ह्याच शाखेची असते. मेद व चुना सांठून तिची वाट अरुंद झाली म्हणजे चालतांना छाती आवळल्यासारखी होते. आणि ती एकाएकी बंद पडली म्हणजे तिच्यावर जगणारा स्नायु मरूं लागतो.

पाट गाळानें बुजला, तर शेतकरी गाळाच्या वरच्या बाजूनें नवा चर खणून पाणी पुढच्या वाफ्यांत सोडतो. बायपास म्हणजे असाच चर होय. मात्र त्यासाठीं लागणारी नळी रोग्याच्याच शरीरांतून घ्यावी लागते. कारण इतक्या बारीक मापाच्या कृत्रिम नळ्या रक्त गोठून लौकरच बंद पडतात. शस्त्रवैद्याजवळ ह्या कामासाठीं मुख्यतः तीन भांडारें आहेत. पायांतील लांब शीर हें पहिलें, मनगटाची धमनी हें दुसरें आणि छातीच्या आंतल्या अंगाची धमनी हें तिसरें.

ह्या तिन्हींचा इतिहास फार जुना नाहीं. १९६४ सालच्या फेब्रुवारींत लेनिनग्राड येथें वासिली कोलेसोव ह्या शस्त्रवैद्यानें छातींतली धमनी टांके घालून थेट हृद्धमनीस जोडली. पुढें १९६७ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्यें रेने फावालोरो ह्या अर्जेंटिनाच्या शस्त्रवैद्यानें पायाची शीर वापरून हें काम सुरू केलें, आणि हीच रीत जगभर पसरली. भारतांत १९७५ सालीं मद्रास येथें के. एम. चेरियन ह्यांनीं पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. पायाची शीर लोकप्रिय होण्याचें कारण उघड आहे. ती लांब असते, सहज हातीं लागते, आणि ती काढल्यानें पायाचें फारसें अडत नाहीं.

परंतु शिरेचा जन्म धमनीचें काम करण्यासाठीं झालेला नाहीं. शिरांतून रक्त मंद दाबानें परत येत असतें. त्यामुळें तिची भिंत पातळ असते. तिला एकदम धमनीचा जोराचा दाब सोसावा लागला म्हणजे ती आंतून जाड होऊं लागते व कालांतरानें तिच्यांतहि मेद सांठतो. दहा वर्षांच्या अखेरीस अशा शिरांपैकीं सुमारें निम्म्या बुजलेल्या किंवा बिघडलेल्या आढळतात. छातींतल्या धमनीची गोष्ट अगदीं वेगळी आहे; दहा वर्षांनंतरहि अशा शंभरांपैकीं नव्वदांवर धमन्या वाहत्या असतात. फ्लॉइड लूप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं क्लीव्हलंड येथील ५,९३१ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. तीनहि हृद्धमन्या बिघडलेल्या ज्या रोग्यांच्या दर्शनी शाखेला छातींतली धमनी जोडली होती, त्यांतले शेंकडा ८२.६ दहा वर्षांनीं हयात होते. केवळ शिरा जोडलेल्यांपैकीं शेंकडा ७१ होते. त्या दिवसापासून छातींतल्या धमनीला पहिला मान मिळाला, तो आजतागायत टिकून आहे.

ही धमनी कोठें असते, हें ध्यानांत आल्यावांचून पुढचा वाद समजणार नाहीं. श्रोत्यांनीं आपल्या छातीच्या मधोमध असलेल्या हाडावर बोट ठेवावें आणि तें बोटभर बाजूला सरकवावें. तेथें आंतल्या अंगास, बरगड्यांच्या टोंकांच्या मागें, ही धमनी गळ्याच्या पायथ्यापासून खालीं उतरते. अशा दोन धमन्या आहेत, एक डावीकडे व एक उजवीकडे. डॉक्टर त्यांना 'मॅमरी' म्हणतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीची ही वाहिनी मेदाला सहसा थारा देत नाहीं. तिच्या भिंतींत लवचिक तंतूंचे थर दाट असतात, आणि तिच्या आंतल्या अस्तरांतून नायट्रिक ऑक्साइड पुरेसें पाझरत असल्यामुळें ती सैल व स्वच्छ राहते. तिचें आणखी एक भाग्य असें कीं, तिला मुळापासून तोडावें लागत नाहीं. वरचें टोंक जागच्या जागीं ठेवून फक्त खालचें टोंक कापावयाचें आणि तें हृदयावर आणून जोडावयाचें, इतकेंच करावें लागतें.

परंतु ही धमनी तेथें रिकामी बसलेली नसते. छातीच्या मधल्या हाडाला रक्त पुरविणें हें तिचें नित्याचें काम आहे. शस्त्रक्रियेसाठीं तेंच हाड करवतीनें उभें चिरावें लागतें व शेवटीं तारांनीं जुळवावें लागतें. म्हणजे ज्या हाडाला भरून येण्यासाठीं रक्ताची सर्वांत अधिक गरज आहे, त्याचाच पुरवठा हृदयासाठीं काढून घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. एकीकडचीच धमनी घेतली तर हाड बहुधा तक्रार करीत नाहीं. दोन्हीकडच्या घेतल्या, आणि रोगी मधुमेही किंवा फार स्थूल असला, तर मात्र जखम चिघळण्याचें भय वाढतें. हाडापर्यंत पोंचलेला जंतुदोष ही रोग्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट आहे. मधुमेह घरोघर पोंचलेल्या ह्या देशांत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाहीं.

येथेंच धमनी सोडविण्याच्या दोन पद्धतींचा प्रश्न उभा राहतो.

पहिली पद्धति सावरण म्हणतां येईल. डॉक्टर तिला 'पेडिकल्ड' म्हणतात. धमनीच्या दोहों बाजूंना थोडें अंतर सोडून विजेच्या चाकूनें दोन समांतर रेघा मारतात आणि धमनी, तिच्या सोबतच्या दोन शिरा, भोंवतालची चरबी, पातळ पडदा व थोडा स्नायु अशी एक सबंध पट्टी छातीच्या भिंतीपासून सोडवितात. रोप उपटतांना मुळांभोंवतालच्या मातीचा गोळा जसाच्या तसा उचलावा, तसाच हा प्रकार आहे. शस्त्रवैद्याचा चिमटा आवरणाला लागतो, प्रत्यक्ष धमनीला लागत नाहीं. काम लौकर उरकतें. परंतु हाडाकडे जाणारे बारीक फांटे व सोबतच्या शिरा ह्या पट्टीबरोबरच जातात आणि हाडाचा तो अर्धा भाग बराचसा रक्तहीन होतो. शिवाय पट्टी जाड असल्यामुळें धमनीची लांबी कमी भरते, आणि हृदयाच्या मागच्या बाजूपर्यंत तिला पोंचवितांना ओढाताण होते.

दुसरी पद्धति निरावरण होय. इंग्रजींत तिला हाडाच्या सांगाड्यावरून 'स्केलेटनाइझ्ड' असें नांव पडलें आहे, आणि १९८० नंतरच्या दशकांत तिचा प्रसार होऊं लागला. हींत वरचा पडदा उघडून फक्त धमनी तेवढी मोकळी करतात. शिरा, चरबी व स्नायु जागच्या जागीं राहतात. धमनीला फुटलेला प्रत्येक फांटा शोधून, त्याच्या मुळाशीं धातूची बारीक चिमटी बसवून तो अलग करावा लागतो. ह्या पद्धतींत हाडाभोंवतीं उरलेल्या जाळ्यांतून कांहीं रक्त पोंचत राहतें. धमनी कांहीं सेंटिमीटर अधिक लांब मिळते, ती लांबवरच्या हृद्धमनीपर्यंत जाऊं शकते, आणि कोठें इजा झाली असली तर ती डोळ्यांना दिसते. विजेच्या चाकूची उष्णता धमनीला बाधूं नये म्हणून कित्येक ठिकाणीं ध्वनितरंगांचा चाकू वापरतात. त्याचें पातें सेकंदाला सुमारें ५५,००० वेळां कंप पावतें व कमी उष्णतेनें फांटे बंद करतें.

इतकें ऐकल्यावर दुसरीच पद्धति सर्वथा श्रेष्ठ, असें कोणालाहि वाटेल. परंतु रोपट्याची माती झाडून टाकली म्हणजे मुळें उघडीं पडतात, हेंहि विसरतां येत नाहीं. धमनीच्या भिंतीलाहि पोषण लागतें, आणि तें देणाऱ्या केसासारख्या वाहिन्या तिच्या भोंवतालच्या आवरणांतूनच येतात. आवरण काढून टाकलें म्हणजे हा आधार जातो. शिवाय उघड्या धमनीला चिमटा लागण्याची, ती ताणली जाण्याची, तिच्या आंतल्या अस्तराला तडा जाण्याची भीति असते. वरून निर्दोष दिसणारी वाहिनी आंतून दुखावलेली असूं शकते, आणि तो दोष काहीं महिन्यांनीं प्रकट होतो.

ह्या दोन बाजूंचें वजन करण्यासाठीं गेल्या वीस वर्षांत मोठे प्रयत्न झाले. २००४ सालीं सुरू झालेल्या एका परीक्षणांत भारतासह ७ देशांतील २८ रुग्णालयांनीं भाग घेतला व ३,१०२ रोग्यांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वांटणी केली. एका गटाला छातींतली एक धमनी जोडली, दुसऱ्याला दोन्ही. छातीच्या जखमेचे बिघाड एका धमनीच्या गटांत शेंकडा १.९ तर दोन धमन्यांच्या गटांत शेंकडा ३.५ आढळले. परंतु पुढें पद्धतीवार हिशेब मांडला तेव्हां असें दिसलें कीं, दोन्ही धमन्या निरावरण पद्धतीनें काढल्या असतां जखमेचा धोका एकच धमनी सावरण पद्धतीनें काढण्याहून विशेष वाढत नाहीं. हाडाच्या बाजूनें पाहतां हा निरावरण पद्धतीचा विजयच होता.

हृदयाच्या बाजूचा हिशेब २०२१ सालीं पुढें आला, आणि तो इतका अनुकूल नव्हता. रक्त गोठूं न देणाऱ्या औषधांच्या एका आंतरराष्ट्रीय परीक्षणांतील बायपासच्या रोग्यांच्या जोडलेल्या धमन्या वर्षभरानें क्ष-किरणांच्या चित्रांतून तपासल्या. सावरण पद्धतीनें काढलेल्यांपैकीं शेंकडा ३.९ बंद पडल्या होत्या; निरावरण पद्धतीनें काढलेल्यांपैकीं शेंकडा ९.६. त्याच वर्षीं वर सांगितलेल्या सात देशांच्या परीक्षणाचाहि दहा वर्षांचा हिशेब ह्याच दृष्टीनें तपासण्यांत आला. मृत्यूच्या प्रमाणांत दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाहीं. परंतु हृदयविकाराचा झटका, पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया अशा आपत्ति एकत्र धरल्या तर त्या निरावरण गटांत अधिक होत्या. ह्यांतलाच एक बारकावा सर्वांत बोलका आहे. ज्या शस्त्रवैद्यांनीं ह्या परीक्षणांत पन्नासांहून अधिक रोगी हाताळले होते, त्यांच्या रोग्यांत हा फरक ठळकपणें दिसला नाहीं.

ह्या आंकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. कोणत्या रोग्याला कोणती पद्धति, हें येथें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें. शस्त्रवैद्यानें आपल्या मर्जीप्रमाणें तें ठरविलें होतें. तेव्हां दोन्ही गटांचे रोगी सर्वस्वी सारखे होते, असें म्हणतां येत नाहीं. तरीपण एवढें खास म्हणतां येईल कीं, निरावरण पद्धति हाडावर दया करते आणि हाताची परीक्षा पाहते. ज्याला तिचा रोजचा सराव आहे, त्याच्या हातीं ती लाभाची आहे. ज्याला तो नाहीं, त्याच्या हातीं तिची किंमत धमनीला व पर्यायानें रोग्याला द्यावी लागते.

मनगटाच्या धमनीचा इतिहास हाच धडा दुसऱ्या बाजूनें शिकवितो. नाडी पाहतांना वैद्य अंगठ्याच्या मुळाशीं ज्या वाहिनीवर बोटें ठेवतात, तीच ही धमनी. १९७१ सालीं पॅरिस येथें आलें कार्पांतिये ह्यांनीं ती प्रथम बायपाससाठीं वापरली. ह्या धमनीच्या भिंतींत स्नायु पुष्कळ असल्यामुळें ती स्पर्शानेंच आकुंचित होते. त्यावर उपाय म्हणून त्या काळीं तिचें आवरण काढून टाकीत व आंत धातूच्या सळया घालून तिला रुंद करीत. परिणाम असा झाला कीं, अशा जोडलेल्या धमन्यांपैकीं पुष्कळ दोन वर्षांच्या आंतच बंद पडल्या, आणि ही वाहिनी ह्या कामास निरुपयोगी ठरवून सोडून देण्यांत आली.

पुढें बऱ्याच वर्षांनीं एका जुन्या रोग्याच्या तपासणींत, बंद पडली म्हणून पूर्वीं नोंदलेली हीच धमनी चांगली वाहती असल्याचें दिसून आलें. तेव्हां १९८९ सालीं क्रिस्तोफ आकार व कार्पांतिये ह्यांनीं प्रयोग पुन्हा हातीं घेतला व १९९२ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. धमनी तीच होती, रीत मात्र पालटली होती. आतां ती सोबतच्या शिरा व चरबीसह एका पट्टींत काढूं लागले, आंत सळई घालणें बंद केलें, आणि आकुंचन टाळण्यासाठीं धमनी सैल ठेवणारीं औषधें देऊं लागले. टाकाऊ ठरलेली वाहिनी ह्या बदलानें पुन्हा मानाला चढली. निरनिराळ्या सहा परीक्षणांतील १,०३६ रोग्यांचा एकत्र हिशेब २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें पांच वर्षांच्या अवधींत मनगटाच्या धमन्यांपैकीं शेंकडा ८.१ बंद पडल्या होत्या, तर पायाच्या शिरांपैकीं शेंकडा १९.८.

मनगटाची धमनी घेण्यापूर्वीं हाताची एक परीक्षा करतात. ती घरींहि समजून घेतां येण्यासारखी आहे. पंजाला रक्त दोन धमन्यांतून मिळतें. एक अंगठ्याच्या बाजूची, दुसरी करंगळीच्या बाजूची. मूठ घट्ट आवळून मनगटाशीं दोन्ही धमन्या दाबल्या व मूठ उघडली म्हणजे तळवा पांढरा पडतो. मग करंगळीकडची तेवढी सोडली व तळवा कांहीं सेकंदांत पुन्हा लाल झाला, तर एकटी ती धमनीहि पंजाचें पोषण करूं शकते, असें समजतात. अमेरिकन डॉक्टर एडगर ॲलन ह्यांनीं १९२९ सालीं सुचविलेली ही खूण आजहि वापरांत आहे. रुग्णालयांत तिच्या जोडीला यंत्रांचीहि मदत घेतात. येथें एक व्यावहारिक सूचना लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हल्लीं अँजिओग्राफीची नळी पुष्कळदां मनगटांतूनच घालतात, आणि त्यामुळें त्या धमनीचें अस्तर दुखावलेलें असूं शकतें. म्हणून पूर्वीं कोणत्या हातांतून अशी तपासणी झाली होती, हें शस्त्रवैद्याला न विसरतां सांगावें.

ही धमनी काढण्यासाठीं पूर्वीं मनगटापासून कोपरापर्यंत लांब छेद घेत. आतां कित्येक ठिकाणीं मनगटाशीं दोन-तीन सेंटिमीटरांचा छेद घेऊन दुर्बिणीच्या साहाय्यानें, पडद्यावर पाहत, ती आंतल्या आंत सोडवितात. व्रण लहान राहतो, वेदना कमी होतात. परंतु येथेंहि डोळ्यांपुढें धमनी नसून तिचें चित्र असतें, आणि लांब उपकरणांनीं काम करण्याचा सराव मुद्दाम संपादन करावा लागतो.

आवरणाचें महत्त्व पायाच्या शिरेनेंहि पटवून दिलें आहे. स्वीडनमधील ओरेब्रो येथें दोमिंगोस सूझा ह्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत शीर सोलून न काढतां भोंवतालच्या चरबीसह, तिला हात न लावतां व पाणी भरून न फुगवितां काढण्यास प्रारंभ केला. सोळा वर्षांनंतर अशा शिरांपैकीं शेंकडा ८३ वाहत्या होत्या. जुन्या रीतीनें काढलेल्यांपैकीं शेंकडा ६४. ज्या चरबीला अडगळ म्हणून फेंकून देत असत, तीच शिरेला आधार देत होती.

तर मग घरच्या मंडळींनीं ह्यांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, धमनी ही निर्जीव नळी नाहीं. तिला स्पर्श कळतो, उष्णता बाधते, उपासमार सोसत नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, सर्वांना लागू पडेल अशी एकच रीत नाहीं. छातींतली एकच धमनी दर्शनी शाखेला जोडावयाची असेल, तर जुनी सावरण पद्धति कमीपणाची नाहीं. मधुमेही रोग्याच्या दोन्ही धमन्या घ्यावयाच्या असतील, तर निरावरण पद्धतीशिवाय हाडाचें रक्षण कठीण आहे. मनगटाची धमनी घ्यावयाची असेल, तर तिच्या आवरणाचा मान राखलेला बरा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं संमतीच्या कागदावर सही करतांना नातेवाईक बहुधा नवें तंत्र कोणतें, हें विचारतात. त्याऐवजीं त्यांनीं शस्त्रवैद्याला नम्रपणें असें विचारावें कीं, कोठली धमनी घेणार, ती कोणत्या रीतीनें सोडविणार, आणि त्या रीतीचा आपला सराव किती. चांगल्या शस्त्रवैद्याला ह्या प्रश्नाचा राग येत नाहीं. कारण त्याचें उत्तर त्यानें स्वतःला कितीतरी आधीं दिलेलें असतें.